वजन कमी करण्याचं ऑपरेशन: तारीख १६ जून, तयारी काय काय करू?

कृष्णाकाठ | १ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. सात वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सांगलीची, वय ४४, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. उंची १५८ सेंमी, वजन १०९ किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३.७ येतो, गणिताची बाई असल्याने चार वेळा करून पाहिला. नऊ वर्षांपासून शुगर आहे. रात्री घोरते इतकी की मुलगी दहावीच्या अभ्यासाला आत्याकडे जाऊन राहिली. स्लीप स्टडी केली तेव्हा कळलं, की घोरण्याच्या मधेमधे श्वासच थांबतो. तेव्हापासून सीपॅपचं (मास्कमधून दाबाने हवा देणारं) मशीन लावून झोपते. चालणं, जिम, दोन डाएटिशियन, एक ‘सात दिवसांत सात किलो’वाला चहा, सगळं करून झालं. एकदा १८ किलो उतरवलं होतं, दीड वर्षात २२ परत आलं.

पुण्याच्या एका रुग्णालयात बॅरिअॅट्रिक सर्जरी ठरली आहे. आधी स्लीव्ह करायचं म्हणत होते, म्हणजे जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच कापून काढून केळ्यासारखी नळी ठेवायची. पण एंडोस्कोपीत छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) निघाला आणि अन्ननलिकेला आम्लाने चट्टे पडलेले दिसले. स्लीव्हनंतर अॅसिडिटी वाढू शकते, म्हणून आता बायपास ठरलंय. जठराच्या वरच्या टोकाची ३० मिलीच्या आसपासची पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणार. सगळं दुर्बिणीतून.

तपासण्यांची फाईल तयार आहे. रक्त, लघवी, सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, ईसीजी, टूडी इको, फुप्फुसांची चाचणी, थायरॉइड, बी१२, डी, फेरिटिन. एंडोस्कोपीत एच. पायलोरी नावाचा जंतू सापडला म्हणून १४ दिवस गोळ्यांचा कोर्स झाला. मानसोपचारतज्ज्ञांनी पाऊण तास गप्पा मारल्या.

म्हणजे फाईलची तयारी झाली. माझी झालेली नाही. उद्यापासून दोन आठवडे लिक्विड डाएट आहे आणि आज दुपारी मी पायरीचा रस तीन वाट्या प्यायले. ‘शेवटचा’ म्हणून. परवा शेवटची मिसळ झाली, त्याच्या आदल्या दिवशी शेवटचं श्रीखंड. महिनाभर माझा हा निरोपसमारंभ चालू आहे आणि वजन तीन किलोंनी वाढून ११२ झालंय.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: घरात, स्वयंपाकघरात, डोक्यात काय तयारी करायची? मी शाकाहारी, अंडंही नाही. सासूबाई सोबत असतात. त्यांना ‘हर्नियाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलंय. ते खोटंही नाही, कारण हर्निया त्याच वेळी दुरुस्त करणार आहेत.

ढब्बूमिरची | १ जून, रात्री १०.४१

वाचतेय. मीही याच वाटेवर आहे, अजून एंडोस्कोपी व्हायचीय. आमरसाबद्दल काही बोलणार नाही, माझा कालच झाला.

सह्याद्रीचा_वारा | १ जून, रात्री ११.०५

ताई, राग मानू नका, पण चांगल्या अवयवाची कापाकापी कशाला? रोज एक गड चढा, साखर-मैदा बंद करा, सहा महिन्यांत फरक पडतो. माझं ९ किलो उतरलं. आणि आता वजन उतरवायची ती इंजेक्शनंही आली आहेत की.

खडीसाखर | २ जून, सकाळी ६.५०

वाऱ्या, ९ किलो उतरवायचे असते तर कृष्णाकाठने धागा काढलाच नसता. ८० ची ७१ झालेली व्यक्ती आणि १०९ ची व्यक्ती यांच्या शरीरांचं वागणं वेगळं असतं. एवढं वजन उतरवलं की शरीर भूक वाढवून आणि खर्च कमी करून ते परत मिळवायला बघतं. आणि १०९ किलो घेऊन गड चढवून बघा, गुडघे काय म्हणतात ते.

असो. माझं स्लीव्ह झालं त्याला चार वर्षं झाली. ११८ वरून ७२ वर गेले, आता ८३ वर आहे. हो, ११ परत आलेत. ते का आले हे सांगते, कारण ते तयारीतच चुकलं होतं.

पोटाचं ऑपरेशन होतं, सवयीचं होत नाही. मी ताटभर जेवणारी नव्हतीच. मी चरणारी. चहाबरोबर दोन खारी, येताजाता मूठभर चिवडा, पोळ्या लाटताना गूळ. आधीच्या तपासणीत डाएटिशियनने विचारलं, तेव्हा मी ‘दोन वेळा जेवते, मधे काही नाही’ असं सांगितलं आणि मला ते खरंच वाटत होतं. पहिलं वर्ष भूकच लागत नाही. भुकेचं जे संप्रेरक जठराच्या वरच्या भागात तयार होतं, तो भागच गेलेला असतो. दुसऱ्या वर्षी चिवडा परत आला. चिवडा, आइस्क्रीम, शेव, बिस्किट हे सगळं त्या छोट्या पोटातून सुरकन खाली सरकतं, आणि पोट भरल्याचं कळतच नाही. वाटीभर उसळ खा, गच्च होतं.

म्हणून माझं सांगणं एकच. राहिलेले १४ दिवस फाईल बाजूला ठेव आणि जेवायची प्रॅक्टिस कर. लिक्विडवर असशील तरी करता येते. घोट घे, भांडं खाली ठेव, मिनिटभर थांब, मग दुसरा घोट. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या-भांडं असतंच, ते आतापासून उचल. नंतर जेवणासोबत पाणी चालत नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. ही सवय मला सगळ्यात जड गेली. ठसका लागला तरी पाणी नाही.

आणि प्रत्येक वेळी काही तोंडात टाकलंस की वहीत लिही. भूक लागली म्हणून, कंटाळा म्हणून, की शाळेत मुख्याध्यापक काही बोलले म्हणून. माझी वही मी ऑपरेशननंतर दोन वर्षांनी सुरू केली. ती आधी हवी होती.

पन्हाळकर | २ जून, सकाळी ९.१५

माझी गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये बायपास ठरलं होतं. सिगारेट ओढत नाही असं सांगितलं, ते खरं होतं. तंबाखू-चुना विचारला तेव्हा ‘कधीमधी’ म्हणालो. अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी सर्जनसाहेबांनी माझ्या खिशातली पुडी बघितली आणि ऑपरेशन तिथल्या तिथे दोन महिने पुढे ढकललं. मला इतका राग आला की दुसरा डॉक्टर बघायला निघालो होतो. मग शांतपणे समजावलं: तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, नवीन शिवण भरून यायला रक्त पुरत नाही, आणि बायपासनंतर त्याच जोडावर अल्सर होतो. निदान सहा आठवडे आधीपासून बंद, आणि नंतर कायमची.

आमच्याकडे बायका मशेरी लावतात त्याला कुणी व्यसन धरतच नाही. दात घासणं म्हणतात. ती पण तंबाखूच. कुणी वाचत असेल तर डॉक्टरांना सांगा.

भूलभुलैया | २ जून, दुपारी २.३०

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे आयडीला हसू नका. कृष्णाकाठ, तुम्ही फाईल तयार म्हणालात पण त्यात एक ओळ मला दिसली नाही: शुगरची कोणती औषधं घेता?

कृष्णाकाठ | २ जून, दुपारी ४.१०

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. का हो? त्या थांबवायच्या का, कधी, हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर माझ्या लक्षात नाही. लिक्विड डाएट सकाळपासून चालू केलंय.

भूलभुलैया | २ जून, दुपारी ४.२२

मग आजच तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. उद्या नको, आज. इथे वाचून गोळी स्वतः बंद-चालू करू नका, पण कशासाठी फोन करायचा ते सांगतो.

ग्लिमेपिराइड खाणं असो-नसो शुगर खाली ओढतं. दिवसाला ८००-१००० कॅलरी घेताना तोच डोस चालू राहिला तर शुगर ५०-६० वर येऊन चक्कर, घाम, बेशुद्धी होऊ शकते. दुसरं डापाग्लिफ्लोझिन. ते लघवीतून साखर बाहेर टाकतं. कर्बोदकं जवळजवळ बंद आणि ही गोळी चालू, या जोडीत रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साठून आम्ल वाढतं. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच, अशा वेळी ग्लुकोमीटरवर शुगर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे घरी कुणाला संशय येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप एवढंच. ऑपरेशनआधी ही गोळी निदान तीन दिवस बंद करतात, आणि लिक्विड डाएट असेल तर अनेक जण त्या डाएटच्या सुरुवातीलाच थांबवतात.

आता बाकीचं. सीपॅपचं मशीन मास्कसकट रुग्णालयात घेऊन या, ‘तिथे असेलच’ म्हणू नका. हलणारा दात, कवळी, वरचा ब्रिज सांगा. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगा. काढे, चूर्णं, ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या कॅप्सूल सगळं सांगा. वाऱ्यादादांनी इंजेक्शनांचा विषय काढलाय. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आल्यापासून आम्हाला हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो, कारण सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड घेणाऱ्यांचं पोट हळू रिकामं होतं. उपाशी असूनही आत अन्न असतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. लोक हे लपवतात, कारण जिममधल्या कुणाकडून घेतलेलं असतं.

आणि तीन चेंडूंचं ते श्वासाचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं असेल तर खोक्यातून बाहेर काढा. बहुतेक जण ते ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात घेतात, तेव्हा पोट दुखत असतं आणि एक चेंडू हलत नाही. आता दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा श्वास ओढा. फुंकायचं नाही, ओढायचं.

कृष्णाकाठ | २ जून, संध्याकाळी ६.०५

फोन झाला. डापा आजपासून बंद, ग्लिमेपिराइडही बंद, मेटफॉर्मिन तेवढं चालू, शुगर दिवसातून चारदा बघायची. डॉक्टर म्हणाले, बरं झालं विचारलंत. मला मात्र दुपारपासून हातपाय थरथरल्यासारखं होत होतं आणि मी ते ‘डाएटचा पहिला दिवस’ म्हणून सोसत होते. भूलभुलैयासाहेब, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

यंत्र खोक्यातच होतं.

आजीचा_बटवा | ३ जून, सकाळी ७.३०

बाई, लिक्विड म्हणजे शहाळं, उसाचा रस, भाताची पेज, वरणाचं पाणी असं घे. ताकद राहील. थोडं तूप सोड वरणात.

ढब्बूमिरची | ३ जून, सकाळी ८.१२

आजी, यातलं निम्मं बाद आहे असं वाटतंय. पातळ आहे म्हणून चालतं असं नसतं ना?

वाटीचमचा | ३ जून, सकाळी ११.००

आहारतज्ज्ञ आहे. खाली सगळ्यांसाठी लिहिते, पण ज्याच्या त्याच्या डाएटिशियनचा तक्ता तोच खरा.

हे दोन आठवडे वजन कमी करण्यासाठी नसतातच मुळी, यकृतासाठी असतात. यकृताचा डावा भाग बरोबर जठरावर आडवा पडलेला असतो. बॅरिअॅट्रिकच्या बहुतेक पेशंटना फॅटी लिव्हर असतं, म्हणजे ते मोठं, जड आणि मऊ. दुर्बिणीतून काम करताना ते वर उचलून धरावं लागतं. फार मोठं असेल तर दिसत नाही आणि ओढताना फाटून रक्त येतं. कर्बोदकं आणि चरबी दोन आठवडे एकदम कमी केली की यकृतातला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो, त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं, चरबीही उतरते, आणि ते आकसतं.

आता उसाचा रस प्यायलात, पेज प्यायलात, तर यकृत पुन्हा भरलं. शहाळ्यातही साखर असतेच. त्यामुळे आजी, मनात माया आहे ते कळतं, पण नको.

वरणाच्या पाण्याबद्दल तर मला वेगळा धागा काढायचाय. पातेल्यात डाळ तळाशी बसते आणि आपण वरचं पिवळं पाणी ‘प्रोटीन’ म्हणून आजाऱ्याला देतो. प्रोटीन तळाशी असतं हो! वरच्या पाण्यात हळद, मीठ आणि समाधान. डाळ घोटून, मिक्सरला फिरवून, गाळून प्यायलात तर थोडं हाती लागतं.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. अंडं न खाणाऱ्या शाकाहारी माणसाला पातळ पदार्थांतून हे नुसत्या स्वयंपाकघरातून जमत नाही, पावडर लागतेच. कृष्णाकाठ, साधारण असा दिवस बसतो: सकाळी पाण्यात एक मोजमाप व्हे प्रोटीन, २४ ग्रॅमच्या आसपास. अकराला साय काढलेल्या दह्याचं ताक, जिरं-मीठ घालून. दुपारी घोटून गाळलेलं मुगाचं कढण. चारला पुन्हा व्हे, या वेळी २०० मिली साय काढलेल्या दुधात. संध्याकाळी दुधीचं किंवा टोमॅटोचं सार, साखर-गूळ न घालता. रात्री पुन्हा तेवढंच दूध. सत्तरच्या आसपास जातं. मधेमधे पाणी, एकूण दोन लिटर.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, घरच्यांशी भांडण होतं. सारात मीठ कमी करू नका (बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून), चहा एकदम तोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी निवळतं. पोट साफ होत नाही, त्याचीही आधीच विचारून सोय करून ठेवा.

व्हेची चव आत्ताच ठरवा. ऑपरेशननंतर चव बदलते, गोड नकोसं होतं. दोन किलोचा चॉकलेटचा डबा आणून ठेवलात की तो शेवटी भाच्याला जातो. छोटी पाकिटं आणा, एखादं बिनचवीचं असू द्या, ते सारात मिसळतं.

कृष्णाकाठ | ५ जून, रात्री ९.०५

आज चौथा दिवस. काल मुलीवर ओरडले कारण तिने तूप कढवलं. तूप! घरभर वास. नंतर दोघी रडलो.

मंगळवारी वटपौर्णिमा आहे. सासूबाई विचारत होत्या, उपास करणार का. म्हटलं, आई, माझा तो चालूच आहे.

क्लेमवाला | ६ जून, दुपारी १२.४५

आरोग्यविम्याच्या क्लेमचं काम करतो. ताई, कॅशलेसचं काय केलंत? बऱ्याच जणांना वाटतं वजनाच्या ऑपरेशनला विमा मिळतच नाही. ते जुनं झालं. २०१९ मध्ये आयआरडीएआयने (विमा नियामकाने) वगळलेल्या गोष्टींची कलमं सगळ्या कंपन्यांना एकाच भाषेत लिहून दिली. त्यात असं आहे की डॉक्टरचा सल्ला हवा, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ किंवा जास्त असेल तर त्यासोबत हृदयस्नायूचा लठ्ठपणाशी जोडलेला विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, यातलं काही हवं, आणि ऑपरेशनशिवायचे उपाय करून फसलेले हवेत. यात जे बसत नाही ते वगळलेलं.

मेख इथे आहे. डॉक्टरांचे निकष याहून सैल आहेत. २०२२ मध्ये एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून बीएमआय ३५ ला, इतर आजार असो-नसो, ऑपरेशन सुचवलं आणि आशियाई लोकांसाठी त्याहून बरंच खाली, २७.५ पासून विचार करायला सांगितलं, कारण आपल्याला कमी वजनावरच शुगर धरते. त्यामुळे सर्जन म्हणतो ‘तुम्ही बसता’, कंपनी म्हणते ‘नाही बसत’, आणि दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात. पॉलिसीचं पुस्तक काढून प्रतीक्षा कालावधी बघा.

कागदांत उंची-वजन सगळीकडे एकच हवं. एक केस आठवते. वजन १०१. एका कागदावर उंची १५८, बीएमआय ४०.५. नर्सने दुसऱ्या फॉर्मवर अंदाजाने १६० लिहिली, बीएमआय ३९.५. दोन सेंटिमीटरवर क्लेम अडकला, सुटायला पाच महिने गेले. चप्पल काढून, भिंतीला टेकून मोजून घ्या आणि तोच आकडा सगळीकडे लिहायला लावा.

जुन्या डाएटिशियनच्या पावत्या, जिमच्या पावत्या असतील तर जोडा. ‘उपाय करून फसले’ याचा पुरावा म्हणून त्या चालतात. आयुष्यात पहिल्यांदा त्या जिमचे पैसे वसूल होतील.

कृष्णाकाठ | ६ जून, दुपारी ३.३०

पूर्वपरवानगी आली आहे, पण पूर्ण रकमेची नाही. मी तीन ठिकाणी विचारलं होतं, ३ लाख १० हजारांपासून साडेचार लाखांपर्यंत आकडे मिळाले. कशात स्टेपलर-काडतुसं (जठर कापून टाके घालायच्या यंत्राची) धरलेली, कशात नाहीत. ज्यांना तुलना करायची त्यांनी हे विचाराच. आणि जिमच्या पावत्या खरंच सापडल्या, मुलीच्या चित्रकलेच्या फायलीत.

लेस्टरकर | ६ जून, रात्री ११.५०

इकडची, ब्रिटनमधली पद्धत सांगतो. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) आधी ‘टिअर थ्री’ नावाच्या कार्यक्रमात जावं लागतं. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ सगळे मिळून काही महिने तुमच्याबरोबर काम करतात, मग सर्जनकडे पाठवतात. आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची अट २.५ ने खाली आणतात. रांग भलतीच लांब. मी वैतागलो होतो तेव्हा, पण खडीसाखर म्हणतात ती ‘जेवायची प्रॅक्टिस’ त्या रांगेतच झाली. तुम्हाला १४ दिवसांत करायची आहे, ते जास्त अवघड.

शेवंती२९ | ७ जून, सकाळी १०.२५

एक प्रश्न, थोडा खाजगी. वय २९, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) आहे, मूल होत नाही म्हणूनच ऑपरेशनचा विचार आहे. नंतर लगेच प्रयत्न करता येतो का?

खडीसाखर | ७ जून, सकाळी ११.१०

नाही गं. निदान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तेव्हा वजन वेगाने उतरत असतं, तुझंच शरीर तुटीत असतं, बाळाला काय देणार? आणि एक धोका लक्षात ठेव. वजन उतरलं की पाळी नियमित होते, बीजं सुटायला लागतात. ‘मला कुठे राहतंय’ म्हणून बेसावध असलेल्या बायकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात राहतं. गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जातील याचा भरवसा नसतो, आणि ऑपरेशनच्या आसपास त्यांच्याने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. म्हणून आधीच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन दुसरी सोय ठरव. सर्जन सांगेल म्हणून वाट बघू नकोस.

सह्याद्रीचा_वारा | ७ जून, दुपारी १.००

खडीसाखर, मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. माझ्या मोठ्या भावाला हा धागा पाठवलाय. तो १३० आहे.

अवांतर: गडकरींनीही केलं होतं ना हे, २०११ साली?

पन्हाळकर | ७ जून, दुपारी १.१८

हो. त्यांचं झालं तेव्हा आमच्या घरी पहिल्यांदा या विषयावर बोलणं झालं. वडील म्हणाले, पुढाऱ्यांचं ठीक आहे. पुढाऱ्यांचं पोट वेगळं असतं का काय?

कृष्णाकाठ | १० जून, रात्री ८.४०

सासूबाईंना सांगून टाकलं.

झालं असं, की वडाची पूजा करून आलो आणि त्यांनी माझ्यासाठी हळूच वाटीभर साबुदाण्याची खिचडी काढून ठेवली होती. ‘हर्नियाला खिचडी चालते, मी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.’ आता काय करता? सगळं सांगितलं. मला वाटलं गहजब होईल. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘तू रात्री श्वास थांबवायचीस ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी जागी असायची परत सुरू होईपर्यंत.’

पुढचं लिहवत नाही.

खडीसाखर | १० जून, रात्री ९.१५

अगं.

आता कामाचं. घरातल्या एका माणसाला तरी माहीत असणं गरजेचं होतंच. नंतर रात्री दोन वाजता पोट दुखलं, तर सोबतच्याला कळायला हवं की हा गॅस नाही. घरी आल्यावर ताप, नाडी १२० च्या वर, वाढतं पोट दुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, यातलं काही झालं तर थेट सर्जनला फोन. जोडातून गळती असू शकते. क्वचित होते, पण तास मोजून काम असतं. सासूबाईंना नाडी मोजायला शिकव.

उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर तेही सांगायचं, बी१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला इजा होते. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेव: ‘गॅस्ट्रिक बायपास झालेलं आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये.’ आपल्याकडे गुडघा दुखला की कुठलाही दवाखाना तेच इंजेक्शन ठोकतो. बायपासवाल्याला त्याने अल्सर होतो.

केस गळतील. तिसऱ्या महिन्याच्या आसपास मूठमूठ. परत येतात. पण त्या सुमारास भाचीचं लग्न असेल तर आधी सांगितलेलं बरं.

ढब्बूमिरची | १२ जून, दुपारी ३.२०

बॅगेत काय न्यायचं ते कुणी सांगेल का?

पन्हाळकर | १२ जून, संध्याकाळी ५.४०

सीपॅप, श्वासाचं यंत्र, सैल गाऊन किंवा लुंगी, पायात सरकवायची चप्पल (वाकता येत नाही), ओठांना लावायला काहीतरी, ओठ फार सुकतात. लांब वायरचा चार्जर. आणि कफ सिरपच्या बाटलीवरचं मापाचं टोपण. १५ मिलीचं असतं. दोन टोपणं म्हणजे ३० मिली, ती सावकाश अर्ध्या तासात संपवायची. रुग्णालय कप देतं, पण माझ्या हातून तो घटकन व्हायचा. टोपणाने हात आपोआप थांबतो.

कृष्णाकाठ | १५ जून, रात्री ७.१०

पुण्यात अॅडमिट झाले. वजन १०५.२. पंधरा दिवसांपूर्वी आमरसासकट ११२ होतं. उद्या दुसरा नंबर आहे. भूलतज्ज्ञ येऊन गेले, आल्या आल्या डापा कधी थांबवलीत ते विचारलं. मी ‘२ जूनला’ म्हटल्यावर मान वर करून बघितलं. तीन चेंडू वर जातात आता, तिसरा थोडा डुलतो. रात्रीपासून जेवण बंद, साधं पाणी सांगितलेल्या वेळेपर्यंत.

शाळा उद्या सुरू होतेय. २२ वर्षांत पहिल्यांदा पहिल्या दिवशी मी नाही.

सह्याद्रीचा_वारा | १६ जून, रात्री ९.३०

ताई, कसं झालं?

कृष्णाकाठ | २८ जून, दुपारी ४.००

उशिराबद्दल माफी. सगळं नीट झालं. सर्जन म्हणाले, ‘यकृत छान आकसलं होतं.’ एवढं कौतुक मला बीएडलाही मिळालं नव्हतं. त्याच संध्याकाळी चालवलं. पहिला दिवस पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, पोटात भरलेल्या वायूमुळे. (खडीसाखर, तो डावा खांदा आठवून मी घाबरले होते. पण नाडी ८८ होती, सासूबाईंनी मोजली.) पोटात रोज एक इंजेक्शन, गुठळी होऊ नये म्हणून, घरी आल्यावरही दहा दिवस. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने आणखी एक गोळी.

१९ तारखेला निघालो, पालख्या पुण्यात यायच्या आत, नाहीतर अडकलोच असतो. सीटबेल्ट आणि पोटाच्या मधे उशी, दर तासाला उतरून चालणं: खंबाटकीनंतर, साताऱ्याला, कराडला. कराडला ह्यांनी वडापाव घेतला आणि गाडीबाहेर उभं राहून खाल्ला. मला काही वाटलं नाही. वास चांगला होता, इतकंच.

शुगरची एकही गोळी नाही सध्या, डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. सकाळची ११० च्या आसपास येते. वजन ९९.४. दोन दिवसांनी पातळवरून घोटलेल्या अन्नावर जायचंय. सासूबाईंनी देवघरातली नैवेद्याची वाटी घासून माझ्यासाठी काढून ठेवली आहे. मी पाण्याने मोजली, ५० मिली भरते.

ढब्बूमिरची | २८ जून, दुपारी ४.३५

वा वा वा! माझी एंडोस्कोपी सोमवारी. घशात खूप त्रास होतो का?

कृष्णाकाठ | २८ जून, दुपारी ४.५०

स्प्रे कडू असतो आणि दहा मिनिटं स्वतःची जीभ स्वतःची वाटत नाही. बाकी काही नाही. तू शुगरच्या गोळ्या घेतेस का? कोणत्या, ते आधी सांग.